दोन मीटरची वाट

चेक प्रजासत्ताकातल्या नोवे मेस्तो या छोट्या गावाला हिवाळ्यात बायथलॉनसाठी ओळखतात. स्कीवर धावायचं, मध्येच थांबून बंदुकीने नेम साधायचा, पुन्हा धावायचं, असा हा खेळ जर्मनीत अफाट लोकप्रिय आहे. तिथली लाखो घरं थंडीतले शनिवार-रविवार टीव्हीसमोर बसून तो बघतात. बर्फ वितळला की याच मैदानात आणि मागच्या जंगलात माउंटन बाइकचा विश्वचषक भरतो. मे 2023 मध्ये इथे हंगामातली पहिली शॉर्ट ट्रॅक शर्यत झाली. जेमतेम वीस मिनिटांची ही शर्यत लुका श्वार्झबाउअर या 26 वर्षांच्या जर्मन तरुणाने जिंकली.

हिवाळ्यात इथेच एखाद्या जर्मन बायथलॉनपटूने बाजी मारली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याचं नाव देशभर झालं असतं. लुकाचा विजय साजरा केला तो सायकलवेड्यांनी. त्यातही एक दुर्दैव असं की, विश्वचषकाच्या शर्यती दहाएक वर्षं इंटरनेटवर फुकट बघायला मिळत होत्या आणि नेमक्या त्याच हंगामापासून त्या पैसे भरणाऱ्यांपुरत्या उरल्या होत्या.

जर्मनी हा सायकलींचा देश आहे. माउंटन बाइक बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या तिथल्या, जंगलं तिथली, गावोगावचे क्लब तिथले. ऑलिंपिक सुवर्णही एकदा येऊन गेलेलं आहे. तरीही क्रॉस कंट्री माउंटन बाइकचा एखादा तरुण खेळाडू तिथे घराघरांत पोचत नाही. मेहनत आणि गुण हे त्याचे स्वतःचे असतात. त्याची लोकप्रियता मात्र जंगलाचा कायदा, टीव्हीचे हक्क आणि दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या पापांची सावली, अशा हाताबाहेरच्या गोष्टी ठरवतात.

शर्यतीचा पोत

माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1990 मध्ये अमेरिकेतल्या डुरँगो इथे सुरू झाली आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. क्रॉस कंट्री हा त्याचा मुख्य प्रकार. चार ते सहा किलोमीटरचं एक वर्तुळ, त्याच्या अनेक फेऱ्या आणि एकूण साधारण दीड तासाची झुंज. चढ इतके उभे की पुढचं चाक जमीन सोडू बघतं. उतारावर मुळं, ओले दगड आणि माणसाच्या उंचीच्या उड्या. वाट बहुतेक ठिकाणी एकाच सायकलपुरती असते. पुढच्याला ओलांडायला जागा मिळत नाही, म्हणून सुरुवातीच्या काही मिनिटांतच जीव तोडून पुढे घुसावं लागतं. तिथे जो मागे पडला तो अरुंद वाटेवर रांगेत अडकतो. दम शिल्लक असूनही काही करू शकत नाही.

नियमही कठोर आहेत. आघाडीच्या स्वाराच्या तुलनेत फारच मागे पडलेल्याला शर्यतीतून बाहेर काढलं जातं. जिंकणारा त्याला एका फेरीने गाठेल आणि त्याची वाट अडेल, एवढीही वेळ येऊ दिली जात नाही. चाक फुटलं तर ठरवून दिलेल्या मदतीच्या जागेपर्यंत स्वतःच पोचायचं. ती जागा किलोमीटरभर पुढे असेल तर फुटलेल्या चाकावर तेवढं अंतर रेटायचं किंवा तिथेच थांबून आपल्या हाताने दुरुस्ती करायची.

शॉर्ट ट्रॅक हा याच खेळाचा धाकटा प्रकार 2018 मध्ये विश्वचषकात आला. निवडक चाळीस स्वार, छोटं वर्तुळ आणि वीस-पंचवीस मिनिटांचा जाळ. यात पुढे आलेल्यांना मुख्य शर्यतीत पहिल्या रांगांमधून सुटता येतं, म्हणून ही शर्यत कुणी हलक्यात घेत नाही. श्वार्झबाउअरचं बळ इथे दिसतं. चाकाला चाक लावून घोळक्यात राहायचं, शेवटच्या चढावर ताकद मोकळी सोडायची आणि अंतिम रेषेपर्यंत मान वर करायची नाही.

हेरिशरीडची साबिने

जर्मन माउंटन बाइकची गोष्ट साबिने श्पिट्झला वगळून सांगता येत नाही. जन्म 27 डिसेंबर 1971, गाव हेरिशरीड. ब्लॅक फॉरेस्टच्या दक्षिण टोकाचं, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं हे डोंगराळ गाव. या खेळातले आजचे विजेते पोरवयातच सायकलवर बसतात. साबिने शर्यतींकडे वळली ती विशी उलटल्यावर. 2003 मध्ये लुगानोला ती क्रॉस कंट्रीची जगज्जेती झाली, तेव्हा तिचं वय 31 होतं.

पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये, पार्निथाच्या कोरड्या धुळीच्या डोंगरावर तिला कांस्य मिळालं. नॉर्वेच्या गुन-रिटा डाले हिने ती शर्यत जिंकली. त्या काळात डालेला हरवणं जवळपास अशक्य मानलं जाई. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पावसामुळे महिलांची शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली. 23 ऑगस्ट 2008 रोजी लाओशानच्या टेकड्यांवर साबिनेने पोलंडच्या माया व्लोश्चोव्स्काला 41 सेकंदांनी मागे टाकलं आणि वयाच्या 36 व्या वर्षी सुवर्ण जिंकलं. 2009 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझजवळ ती मॅरेथॉन प्रकारातही जगज्जेती झाली. तासन् तास चालणारी ती शर्यत म्हणजे क्रॉस कंट्रीपेक्षा अगदी वेगळा कस.

माझ्या मते तिची सर्वात मोठी कामगिरी याच्यानंतरची आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, एसेक्समधल्या हॅडली फार्मच्या उघड्या टेकडीवर फ्रान्सच्या ज्युली ब्रेसेने सुवर्ण नेलं. तेव्हा ब्रेसे 23 वर्षांची होती. तिच्यामागून रौप्य घेऊन आलेली साबिने 40 वर्षांची होती. तीन ऑलिंपिक आणि तीन वेगवेगळ्या रंगांची पदकं. त्यानंतरही ती रिओला गेली आणि 2019 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी तिने स्पर्धात्मक सायकलिंग थांबवलं.

या दीर्घ कारकिर्दीला एक अवघड बाजू आहे. अटलांटापासून पॅरिसपर्यंतच्या आठ ऑलिंपिकमध्ये जर्मनीला माउंटन बाइकमध्ये जी तीन पदकं मिळाली, ती तिन्ही एकट्या साबिनेची आहेत. शेजारच्या स्वित्झर्लंडची लोकसंख्या जर्मनीच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतकी. पण 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या महिला शर्यतीत तिन्ही पदकं स्विस मुलींनी उचलली, आणि त्यांच्या निनो शुर्टरने दहा वेळा जगज्जेतेपद मिळवलं. स्वित्झर्लंडमध्ये हा खेळ राष्ट्राच्या अभिमानात जाऊन बसला. जर्मनीत तो एका स्त्रीच्या चिकाटीवर तरला.

परक्या पापाची सावली

साबिनेच्या सुवर्णानंतर जर्मनीत माउंटन बाइकची लाट का उसळली नाही, याचं उत्तर बरंचसं डांबरी रस्त्यावर सापडतं. 1997 मध्ये यान उलरिखने टूर द फ्रान्स जिंकली. ती जिंकणारा तो पहिला जर्मन. अख्खा देश सायकलवेडा झाला. गुलाबी-पांढऱ्या टेलिकॉम संघाचे कपडे घालून माणसं रविवारी रस्त्यावर उतरू लागली. 2006 मध्ये टूर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी उत्तेजकांच्या प्रकरणात उलरिखला बाहेर बसावं लागलं. 2007 मध्ये आणखी एक जर्मन स्वार चाचणीत सापडला, तेव्हा एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांनी टूरचं थेट प्रक्षेपण मध्येच तोडलं. पुढे 2012 ते 2014 ही तीन वर्षं या वाहिन्यांवर टूर थेट दिसलीच नाही.

बीजिंगचं सुवर्ण आलं ते 2007 च्या तुटलेपणानंतर साधारण वर्षभराने. सायकल म्हटलं की प्रेक्षकाच्या कपाळाला आठी पडायची, असा तो काळ. रस्त्यावरच्या सायकलिंगच्या पैशांशी आणि त्यातल्या काळ्या कारभाराशी जंगलातल्या या मुलामुलींचा संबंध नव्हता. किंमत मात्र त्यांनाही मोजावी लागली. प्रायोजक बिचकले आणि टीव्हीवरचे तास आटले. एका पिढीने आपली उत्तम वर्षं अशा ओसाड काळात काढली, हे त्यांच्याबद्दल लिहिताना विसरता कामा नये.

मानुएल फुमिच हा त्या पिढीचा चेहरा. 1982 मध्ये जन्मलेला, किर्शहाइम उंटर टेक या गावचा. थोरला भाऊ लाडो हाही अव्वल स्वार. 2004 मध्ये मानुएल 23 वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी दोघे भाऊ अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकत्र उतरले. 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गच्या जागतिक स्पर्धेत मानुएलने शुर्टरपाठोपाठ रौप्य मिळवलं. अथेन्सपासून टोकियोपर्यंत पाच ऑलिंपिक तो खेळला. फुमिच बंधूंना या खेळात नट-गायकांसारखी शान होती. गोंदवलेले हात, बिनधास्त बोलणं, गर्दीशी खेळण्याची हौस. सायकलच्या मासिकांतून ते झळकत, पोरं त्यांच्यासारखे केस ठेवत. त्या वर्तुळाबाहेर मात्र त्यांना ओळखणारे थोडेच होते.

एका राज्याची पुण्याई

साबिने, फुमिच आणि श्वार्झबाउअर यांची गावं नकाशावर शोधली, तर तिन्ही नैऋत्य जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या एकाच राज्यात सापडतात. श्वार्झबाउअरचं न्युर्टिंगन हे फुमिचच्या किर्शहाइमपासून हाकेच्या अंतरावर आहे. 21 व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकला गेलेली रोन्या आइबल ग्रोसेलफिंगनची, म्हणजे आल्बश्टाट या गावाच्या पंचक्रोशीतली. आल्बश्टाटने 2013 ते 2022 या काळात माउंटन बाइकचा विश्वचषक भरवला.

ही पुण्याई काही एका रात्रीत जमलेली नाही. ब्लॅक फॉरेस्ट आणि श्वेबिश आल्ब या दोन डोंगररांगा राज्याला लाभल्या आहेत. 1995 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ब्लॅक फॉरेस्टमधल्या किर्शझार्टन इथे झाली. फ्रायबुर्गला ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्र आहे. हॉयबाख, म्युन्सिंगन अशा आडगावांत बुंडेसलिगाच्या शर्यती होतात. बुंडेसलिगा हे नाव आपण फुटबॉलमुळे ओळखतो. माउंटन बाइकचीही अशी राष्ट्रीय मालिका आहे आणि ती तीसहून अधिक वर्षांची आहे.

उद्योगही याच भागात आहे. माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक ब्रेकसाठी जगभर नाव असलेली मागुरा कंपनी बाड उराख इथली. विजेच्या सायकलींच्या मोटर बनवणारा बॉशचा विभाग रॉइटलिंगनचा. स्वार, कारागीर आणि अभियंता एकाच डोंगराच्या कुशीत वाढतात, असं भाग्य फार थोड्या प्रदेशांना लाभतं.

लहान मुलांना घडवण्याची इथली पद्धत मला विशेष वाटते. पंधरा-सतरा वर्षांखालच्या मुलांच्या राष्ट्रीय निवड स्पर्धांत नुसती शर्यत नसते. अडथळ्यांतून पाय न टेकता सायकल काढणं, तोल सांभाळणं, वळणं घेणं यांचेही गुण मोजतात. ताकदवान मुलगा आपोआप पुढे निघून जाणार नाही, आधी सायकल हाताळायला शिकेल, असा त्यामागचा विचार आहे. क्लबमधले प्रशिक्षक बहुतेक स्वयंसेवक असतात. आईबाप गाडीच्या टपावर सायकली बांधून शनिवार-रविवार गावोगाव हिंडतात, चाकं बदलतात, चिखलातले कपडे धुतात. या खेळाचा खरा पाया हाच वर्ग आहे.

कायद्यातलं माप

आणि याच राज्यात एक कायदा आहे. ज्या 1995 मध्ये किर्शझार्टनला जगभरचे स्वार जमले, त्याच वर्षी बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या वनकायद्यात एक माप घातलं गेलं. दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला मनाई. विशेष परवानगी दिलेल्या वाटांचा तेवढा अपवाद.

क्रॉस कंट्रीची सगळी गंमत त्या अरुंद वाटेत आहे. शर्यत तिथेच जिंकली आणि हरली जाते. ज्या कौशल्यासाठी टाळ्या वाजवायच्या, त्याचा सराव घरामागच्या जंगलात करणं हा कायद्याचा भंग ठरतो. पायी चालणाऱ्यांची सुरक्षितता आणि वन्यजीवांची शांतता ही कारणं खोटी नाहीत. उतारावरून सुसाट येणारी सायकल म्हाताऱ्या माणसाचा जीव घाबरा करते. पण माप ठरवून प्रश्न सुटत नाही. तीन मीटर रुंदीच्या रस्त्यावर वेग उलट वाढतो. अरुंद, वळणदार वाटेवर सायकल आपसूक हळू होते.

2013 मध्ये हा नियम रद्द व्हावा म्हणून पन्नास हजारांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. नियम गेला नाही. त्यातून एक चांगली गोष्ट मात्र घडली. काही गावांनी आणि क्लबांनी वनखात्याशी बसून बोलणी केली आणि मोजक्या वाटा रीतसर मिळवल्या. फ्रायबुर्गजवळ रोसकोप्फ डोंगरावरची बॉर्डरलाइन ही वाट अशीच क्लबच्या सदस्यांनी कष्ट करून बांधली आणि तेच ती सांभाळतात.

गरज वाढतच चालली आहे. 2023 मध्ये जर्मनीत पहिल्यांदाच विजेच्या सायकली साध्या सायकलींपेक्षा जास्त विकल्या गेल्या. त्या वर्षी वीस लाखांहून अधिक विजेच्या सायकली खपल्या आणि त्यांत डोंगरात चालणाऱ्या सायकलींचा वाटा मोठा होता. पूर्वी ज्यांना चढ झेपत नव्हता, अशी साठीची माणसंही आता जंगलात पोचतात. जंगलातली सायकल ही आता मूठभर पोरांची हौस उरलेली नाही आणि जुनं माप या गर्दीला पुरणारं नाही.

हाताच्या अंतरावरचा नायक

मग लोकप्रियता कुठेच नाही का? आहे, आणि मोठी सुंदर आहे. तिचा आकार तेवढा वेगळा आहे. आल्बश्टाटचा विश्वचषक बुलेनटेले नावाच्या खोलगट दरीत व्हायचा. दोन्ही अंगांना उभे गवताळ उतार आणि त्यांवर हजारोंची गर्दी. हातात गायीच्या गळ्यातल्या घंटा, भोंगे, कुणाच्या खांद्यावर पोर. 2021 मध्ये फ्रान्सचा व्हिक्टर कोरेट्झ्की तिथे जिंकला आणि 2022 मध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक. पाऊस पडला की त्या चढांचा राडा व्हायचा आणि जगातले उत्तमोत्तम स्वार सायकली खांद्यावर टाकून धावत सुटायचे. गर्दी आपल्या माणसासाठी ओरडायची तशीच शेवटच्या क्रमांकावरच्या परक्या स्वारासाठीही ओरडायची. दीड तासात तोच स्वार सहा-सात वेळा समोरून जातो. त्याचा घाम, त्याचं रक्ताळलेलं कोपर डोळ्यांना दिसतं, त्याचा श्वास ऐकू येतो.

शर्यतीआधी संघांचे तंबू सगळ्यांसाठी खुले असतात. मेकॅनिक ब्रेकचं तेल बदलत असतो, शेजारीच ऑलिंपिक खेळाडू रोलरवर पाय मोकळे करत असतो आणि दहा वर्षांची मुलगी हातात कार्ड घेऊन सहीसाठी उभी असते. जर्मनीत खेळाडूचा फोटो छापलेली अशी सहीची कार्डं जमवायची जुनी रीत आहे. फुटबॉलपटूची सही मिळवायला कुंपणाबाहेर तासन् तास ताटकळावं लागतं. इथे तो खेळाडू त्या मुलीला तिच्या सायकलमधल्या हवेबद्दल विचारतो. ती मुलगी पुढच्या रविवारी गावच्या शर्यतीत उतरते. या खेळातली लोकप्रियता अशी हातातून हातात जाते.

अशा लोकप्रियतेला एक मर्यादाही आहे. तिच्यावर खेळाडूचं घर चालत नाही. मोजक्या स्वारांना सायकल कंपन्यांचे मोठे करार मिळतात. 2023 मध्ये श्वार्झबाउअर कोब्लेन्झच्या कॅन्यन कंपनीच्या संघातून धावत होता. बाकीच्यांनी शिक्षण, नोकरी आणि शर्यत यांचा मेळ घालायचा. जर्मनीत अनेक ऑलिंपिक खेळांतले खेळाडू सैन्य, पोलीस किंवा सीमाशुल्क खात्यात नोकरीला असतात, कारण तिथे सरावासाठी वेळ आणि महिन्याचा पगार दोन्ही मिळतं. देशासाठी पदक आणायला निघालेल्या तरुणाला हा आधार फार मोलाचा वाटतो.

पडदा

उरला पडदा. 2022 पर्यंत विश्वचषकाच्या क्रॉस कंट्री शर्यती रेड बुलच्या वाहिनीवर जगभर फुकट दिसत होत्या. कुठल्याही देशातला पोरगा फोनवर शुर्टरची रेषा, म्हणजे दगडांतून त्याने निवडलेला मार्ग, पुन्हा पुन्हा बघून शिकत होता. 2023 पासून हक्क वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे गेले आणि थेट शर्यतीपुढे वर्गणीची भिंत उभी राहिली. छायाचित्रण सुधारलं, कॅमेरे वाढले, शर्यतींची मांडणी मोठी झाली. पण सहज, चुकून समोर आलेली शर्यत बघून खेळाच्या प्रेमात पडणारा प्रेक्षक त्या भिंतीपलीकडे राहिला. बायथलॉन घराघरांत पोचला तो असाच, कुणी मुद्दाम न शोधता, फुकटच्या सार्वजनिक वाहिनीवर.

ऑलिंपिक हा त्याला चार वर्षांतून एकदा येणारा अपवाद. 2024 मध्ये पॅरिसजवळच्या एलांकूर टेकडीवर पिडकॉकचं चाक फुटलं, तो मागे पडला आणि तरीही सगळ्यांना गाठून जिंकला. ही शर्यत जर्मनीतही साध्या वाहिनीवर दिसली आणि माउंटन बाइक म्हणजे काय, हे त्या दीड तासात अनेकांना कळलं. एवढ्याने प्रेक्षक मिळतो, टिकत मात्र नाही. त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा काहीतरी दिसायला हवं.

साबिनेच्या लंडनमधल्या रौप्याला दशक उलटून गेलं, तरी जर्मनीच्या या खेळातल्या ऑलिंपिक पदकांत चौथ्याची भर पडलेली नाही. श्वार्झबाउअरसारख्या स्वारांनी विश्वचषकात पुढच्या रांगेत राहून आपल्या वाटचं काम केलं आहे. आता पाळी राज्याची, वनखात्याची आणि वाहिन्यांची आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गने दोन मीटरचं माप सोडून द्यावं. कोणत्या वाटेवर, कोणत्या मोसमात, किती सायकली चालतील हे गावाशी आणि क्लबशी बसून ठरवावं. वर्षातून निदान एक विश्वचषक शर्यत सार्वजनिक वाहिनीवर दाखवावी. जर्मनीकडे डोंगर आहेत, कारागीर आहेत, शनिवार-रविवार खर्ची घालणारे आईबाप आहेत. 2028 मध्ये लॉस एंजलिसच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा राहणारा जर्मन तरुण कितवा येईल हे त्याच्या पायांवर अवलंबून आहे. त्याच्यामागून येणारी मुलं किती असतील, हे मात्र आज मोकळ्या होणाऱ्या वाटा ठरवतील.